प्रवरेच्या उगमाशी: आमच्या सहलीचा शेवटचा दिवस

 

आज आम्ही तुम्हाला एका सहलीच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगणार आहोत. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. बोलायला बाईमाणूस बसलंय, पण सांगणं दोघांचं आहे.

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, कालव्याच्या टेलला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. या सत्तावीस वर्षांत आम्ही बरोबर कुठे कुठे गेलो, ते मोजायला बसलो तेव्हा यादी अशी झाली: लग्नं, मयती, दवाखाना, माहेरची जत्रा, पंढरपूर, मोहटादेवी. प्रत्येक ठिकाणी काही ना काही काम होतं, नाहीतर नवस होता. नुसतं बघायला म्हणून आम्ही कधी घराबाहेर पडलोच नव्हतो.

आमची लेक आणि जावई परदेशात असतात. सुट्टी मिळाली की दोघं गाडी काढतात आणि डोंगर-तळ्यांच्या रस्त्याने चार दिवस हिंडून येतात. शेवटच्या दिवशी कुठल्या तरी तळ्याकाठी उभं राहून आम्हाला व्हिडिओ कॉल करतात. दिवाळीत लेकीने विचारलं, "आई, तुम्ही दोघं कधी निघालात का असे?" आम्ही म्हटलं, "आम्ही कुठे जायचं गं?" तेव्हा हे म्हणाले, "आपल्या पाटाला पाणी कुठून येतं, ते तरी कुठे बघितलंय आपण?"

बोलण्यातून निघालेली गोष्ट, पण डोक्यात बसली. डेअरीच्या पगारातून दर पंधरवड्याला थोडे थोडे बाजूला काढले. गायी आणि घर सुनेने आणि शेजारणीने सांभाळायचं कबूल केलं. संक्रांतीचं वाण वाटून झालं आणि आम्ही मोटरसायकलवर निघालो. गाडी दोघांनी आलटून पालटून चालवली. ठरवलं एवढंच, की प्रवरा नदी जिथे संपते तिथून निघायचं आणि उगमापर्यंत जायचं. जायचं आपल्याच जिल्ह्यात, रस्ता साधारण दोनशे किलोमीटरचा.

पहिले दोन दिवस थोडक्यात सांगतो. पहिल्या दिवशी प्रवरासंगमला गेलो. तिथे आपली प्रवरा गोदावरीला मिळते आणि पुढे पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा लागतो. येताना नेवाशाला पैस खांबाला टेकलो. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली ती याच नदीच्या काठी. मोहिनीराजाचं दर्शन घेतलं. देव-दानवांना अमृत वाटणाऱ्या मोहिनीचं ते देऊळ, म्हणून प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. दुसऱ्या दिवशी कोल्हार, लोणी असं करत ओझरच्या बंधाऱ्यावर पोचलो. आमच्या शेताला येणारा कालवा इथून निघतो. एक डावा, एक उजवा. आयुष्यभर ज्याच्या पाण्यावर जगलो, त्याचं तोंड पन्नाशीत पहिल्यांदा पाहिलं. पुढे संगमनेर, अकोले, राजूर करत संध्याकाळी भंडारदऱ्याला, शेंडी गावात मुक्कामाला पोचलो. राजूरचे पेढे पिशवीत होते.

आता शेवटचा दिवस.

पहाटे जाग आली ती थंडीने. अकोल्याच्या डोंगरातली पौषातली थंडी आपल्या थंडीसारखी नाही, हाडात शिरते. बाहेर अंधार होता आणि खालून एकसारखा घुमल्यासारखा आवाज येत होता. आम्हाला वाटलं, वारा असेल. उजाडल्यावर धरणाच्या बाजूला गेलो तर धुकं पाण्यावरून हळूहळू उठत होतं आणि समोर कळसूबाई उभी होती. १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात तिच्याहून उंच शिखर नाही. आणि त्या शिखरावर राज्य एका बाईचं, कळसूबाईचं. नवरात्रात बायका तिथे चढून जातात.

धरणाचं मूळ नाव विल्सन धरण. काम सुरू झालं १९१० साली आणि पुरं झालं १९२६ साली. सगळं दगडी बांधकाम. उंची साधारण ८२ मीटर, म्हणजे आपल्या गावातल्या पाण्याच्या टाकीवर टाकी अशा चार-पाच टाक्या रचाव्यात तेवढी. आत ११ टीएमसी पाणी मावतं. एवढे दगड कुणी घडवले, कुणी वाहिले? बायकाही होत्याच असणार. पाटी आणि चुंबळ त्यांच्याशिवाय कुणाच्या डोक्यावर होती? धरणाला नाव मात्र गव्हर्नरसाहेबाचं लागलं.

चहा घेऊन आम्ही तळ्याला वळसा घालणाऱ्या रस्त्याला लागलो. मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावं लागतात. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर. भाताची खाचरं कापून रिकामी झालेली, बांधावर पेंढ्याच्या उडव्या. लेकीने पाठवलेल्या व्हिडिओत असंच असतं, अगदी असंच. आम्ही तीनदा गाडी थांबवली. थांबायचं कारण काहीच नव्हतं. "कशाला थांबलो?" असं विचारणारंही कुणी नव्हतं. मैत्रिणींनो, ही चैन काय असते ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

बायकांना उपयोगाची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. या रस्त्याला बाईमाणसाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आडोसा. आम्ही पेट्रोल पंप आणि मुक्कामाची जागा पाहूनच टप्पे ठरवले. पाणी कमी पिऊन प्रवास करू नका, त्याने दुखणं मागे लागतं. आधी विचारून निघा.

साडेनऊच्या सुमाराला घाटघरला कोकणकड्यावर पोचलो. जमीन तिथे एकदम संपते. खाली खोल कोकण, शहापूरच्या बाजूचा मुलूख. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब प्रवरेतून गोदावरीत आणि तिथून पूर्वेच्या समुद्रात जातो. पलीकडे पडलेला थेंब पश्चिमेच्या समुद्रात. चार पावलांचा फरक.

तिथे विजेचा एक प्रकल्प आहे. वर एक धरण, खाली कोकणात दुसरं. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज तयार करतात. मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. हे म्हणाले, "आपल्या घरी लाइट असली की टाकी भरून ठेवतो, तसंच हे." तसंच, फक्त टाकी डोंगराएवढी.

आणि तिथेच फोन वाजला. सकाळपासून रेंज नव्हती, कड्यावर आली. घरून मुलगा बोलत होता. "आवर्तन सुटलंय. पाटकरी सांगून गेला. या वेळी टेलपासून देणार म्हणतात. तुम्ही कधी येताय?"

टेलवरच्या बायकांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. गहू ओंबीवर आलेला, कांदा पाण्यावर टेकलेला. आधी सात नंबरचा फॉर्म भरायचा, मग चारीला पाणी कधी येतं याची वाट बघत बसायचं. पाळी आली की रात्री दोन वाजताही बॅटरी घेऊन दारं धरायला उभं राहायचं. पाळी हुकली तर पुढच्या आवर्तनाला कांदा असेल की नाही, ठाऊक नाही. आमच्या दोघांच्या पोटात एकदमच गोळा आला. उगम अजून पाहायचा होता, रतनवाडी पुढे होती. पण पाय आपोआप गाडीकडे वळले. सत्तावीस वर्षं हेच झालेलं. लग्नात जेवणाची पंगत बसायच्या आधी निघालो, कारण गाय व्यायची होती. भावाच्या साठीला तासभर थांबलो, कारण लाइट रात्रीची होती.

गाडीला चावी लावली आणि हे थांबले. म्हणाले, "अगं, पहाटे ऐकला तो वारा नव्हता. ते पाणी होतं." खरंच. रात्रभर धरणाखाली घुमत होतं ते आमचंच आवर्तन. मग आम्ही कड्यावर बसून हिशेब केला. भंडारदऱ्यातून सुटलेलं पाणी आधी निळवंडे धरणात येणार. तिथून नदीच्या पात्राने ओझरच्या बंधाऱ्यावर. तिथून कालव्यात, कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत. आमच्या शेवटच्या दाराशी यायला दरवेळी तीन-चार दिवस तरी लागतात. आणि आम्ही मोटरसायकलवर. आज रात्री घरी पोचलो तरी पाण्याच्या कितीतरी पुढे असणार होतो.

इतकी साधी गोष्ट. पण वाटेत पाणी कुठे कुठे थांबतं हे आम्ही दोन दिवसांत डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर हा हिशेब सुचला नसता. आम्ही घाबरून पळत सुटलो असतो आणि घरी जाऊन तीन दिवस पाटाकडे बघत बसलो असतो. मुलाला सांगितलं, "रात्री येतो. तोवर बांधाची दारं नीट करून ठेव." आणि पुढे निघालो.

साम्रदवरून रतनवाडीला आलो. अमृतेश्वराचं देऊळ काळ्या दगडाचं, हेमाडपंती. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचं असावं असं म्हणतात. झंज राजाने नद्यांच्या उगमाशी बारा देवळं बांधली, त्यातलं हे प्रवरेचं, असं तिथले लोक सांगतात. जवळच दगडात बांधलेली पुष्करणी आहे. वर रतनगड. त्या गडाच्या कुशीतून प्रवरा निघते. देवळाच्या पलीकडे ओढ्यात गेलो. चपला काढल्या. पाणी घोट्याएवढं, गार आणि इतकं स्वच्छ की तळाचे खडे मोजावेत. एका पावलात ओलांडता येईल एवढी ती नदी. संगमावर हिचाच दुसरा काठ लांब दिसत होता.

आम्ही कितीतरी वेळ बोललोच नाही. मग हे म्हणाले, "एवढीशी आहे आणि सगळ्यांना पुरवते."

जेवणाची सोय देवळाजवळच्या एका घरी झाली. नाव सांगत नाही, त्यांना न विचारता सांगणं बरं नाही. आम्ही त्यांना मावशी म्हटलं. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, वर वाफेचा भात. आम्ही कौतुकाने म्हटलं, "मावशी, तुमचं काय बाई सुख! धरण दारात."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "धरण दारात आणि हंडा डोक्यावर. चैत्रात या, मग बघा."

आम्हाला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. पावसाळ्यात इथे पाऊस थांबत नाही. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तरी समाधान असतं. तेवढा इथे कधी कधी एका आठवड्यात पडतो. पण डोंगर उताराचा, खाली काळा पाषाण, माती थोडी. पाणी मुरत नाही, वाहून खाली जातं. ते धरणात साठतं आणि धरणातून आमच्याकडे येतं. वरच्या पाड्यांवरचे झरे फाल्गुन सरता सरता आटतात. मग बायका झऱ्याशी वाटीने पाणी भरत बसतात, नाहीतर लांब खाली उतरतात आणि भरला हंडा घेऊन चढ चढतात. खालचं पाणी वर उचलायला योजना लागते, पंप लागतो, वीज लागते. वीज तर शेजारच्या घाटघरलाच तयार होते.

भाकरीचा घास हातातच राहिला. मैत्रिणींनो, टेलला बसून आम्ही आयुष्यभर एकच बोललो: वरचे पाणी पळवतात. आमच्या लेखी वरचे म्हणजे कालव्याच्या तोंडाचे बागाईतदार. पण त्यांच्याही वर माणसं आहेत आणि त्यांच्या वाट्याला आमच्याहून कमी येतं, हे आमच्या कधी मनातही आलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी संगमावर खालची बाजू पाहिली होती. जायकवाडीवर अवलंबून असलेली माणसं आमच्याकडे बघून तेच म्हणत असणार: वरचे पाणी अडवतात. म्हणजे कुणाच्या तरी नजरेत आम्हीच वरचे.

निळवंड्याचं उदाहरण घ्या. त्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली १९७० साली. कालव्यात चाचणीचं पहिलं पाणी सुटलं ३१ मे २०२३ ला. त्रेपन्न वर्षं. या धरणासाठी अकोले तालुक्यातल्या लोकांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आणि खाली संगमनेर, राहाता, कोपरगावच्या दुष्काळी गावांतल्या सुनांच्या सासवा झाल्या, तरी पाणी आलं नव्हतं. देणारीही थकली, वाट बघणारीही थकली. दोघी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत.

निघताना मावशींनी एका पुडीत मूठभर वाल बांधून दिले. "बी ठेवा यातलं, सगळं खाऊ नका." याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला, ते तुम्ही ऐकलंच आहे. त्या मुलखातल्या घराघरात ही शिस्त आहे. आम्ही राजूरच्या पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात ठेवला. दुसरं काही नव्हतंच आमच्याकडे.

परतताना वाटेत रंधा धबधबा. प्रवरा इथे ५० मीटर खोल दरीत उडी घेते. चित्रात पाहिलेला धबधबा डोळ्यासमोर होता, पण त्या दिवशी कड्यावरून बारीक धारा उतरत होत्या. आम्ही चहावाल्याला विचारलं, "आवर्तन सुटलंय ना, मग पाणी कुठे गेलं?" तो म्हणाला, "वीज करायला बोगद्याने वळवलंय, खाली निघतं. धबधबा बघायचा तर पावसाळ्यात या." म्हणजे आमच्या कांद्याला येणारं पाणी वाटेत वीज करून येत होतं. घोरपडादेवीला हात जोडले आणि गाडीवर बसलो.

राजूर, अकोले, संगमनेर. ऊन उतरत गेलं, डोंगर मागे राहिले, उसाच्या ट्रॉल्या लागायला लागल्या. जाताना जी नदी पूल म्हणून ओलांडली होती, ती येताना ओळखीची वाटत होती. प्रत्येक पुलावर आम्ही खाली वाकून बघत होतो, पाणी पोचलं का. संगमनेरात अजून पोचलं नव्हतं. आम्ही खरंच पुढे होतो. हे हसायला लागले, मग दोघंही हसलो. रात्री साडेआठला घरी पोचलो. गायींनी हंबरून विचारलं, कुठे होता म्हणून.

पाणी चौथ्या रात्री आलं. दीड वाजता. बॅटरी घेऊन दोघं दारं धरायला उभे होतो. दरवेळी पाणी आलं की आधी शिव्या निघायच्या, उशीर झाला म्हणून, कमी आलं म्हणून. त्या रात्री कुणी काही बोललं नाही. सरीतून पाणी पुढे सरकत होतं आणि आमच्या डोळ्यासमोर तो घोट्याएवढा ओढा होता. आणि मावशींचा हंडा. एका सरीचं दार फुटून पाणी रस्त्यावर जायला लागलं, तर हे धावत गेले. आधी म्हणायचे, जाऊ दे, पाटाचंच आहे.

आता तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो आणि आटपतो.

पहिली. नवरा-बायकोने वर्षातून एकदा तरी कामाशिवाय बाहेर पडा. लांब जायला हवं असं नाही. आपल्या पाटाचं, विहिरीचं, ओढ्याचं पाणी कुठून येतं ते बघून या. खर्च दोघांच्या लग्नाच्या आहेराएवढा होतो, आणि सत्तावीस वर्षांत झालं नाही तेवढं बोलणं तीन दिवसांत होतं.

दुसरी. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्था आहेत. त्यांच्या संचालक मंडळात कालव्याच्या मुखाचे, मधले आणि शेवटचे असे तिन्ही भागांतले शेतकरी असतात. सभासद होतो तो जमीनधारक. म्हणून सातबाऱ्यावर बाईचं नाव हवं. रात्री दारं धरायला आपण चालतो, तर बैठकीला का चालू नये? आमच्या घरी नाव लावायचा अर्ज या महिन्यात तलाठ्याकडे दिला. ते बोलणंही रतनवाडीहून येताना गाडीवरच झालं.

तिसरी. पावसाळ्यात भंडारदऱ्याला सगळेच जातात, काजवे बघायलाही जातात, फोटो काढतात, बाटल्या टाकून येतात. मावशी म्हणाल्या होत्या, चैत्रात या. आमच्या गटातल्या अकराजणी या चैत्रात जाणार आहोत, जीप ठरवली आहे. हळदीकुंकू तिथेच, झऱ्याच्या काठी. त्या कुठून पाणी आणतात ते त्यांच्याबरोबर चालून बघणार आहोत. मग त्यांचं मागणं काय आहे ते त्यांनीच सांगावं, आणि आम्ही खालच्यांनी त्याखाली सह्या कराव्यात. पाणी आम्ही वापरतो, तर सही करायला आमचं काय जातं?

मावशींनी दिलेले वाल बांधाला लावलेत. आवर्तनाचं पाणी त्यांनाही मिळालं. उगवून आले की बी घेऊन जाऊ.